सहाची थंडी, नऊचं ऊन

पुण्याच्या थंडीचं एक बरं आहे, ती वेळ पाळते. पहाटे साडेपाचला दार उघडलं की नाक झोंबतं, सातनंतर ऊन आलं की गारवा मवाळ होतो, आणि नऊला चहाच्या टपरीवर उभं राहिलं की पाठीवरून घामाची धार उतरायला लागते. डिसेंबर-जानेवारीत इथलं किमान तापमान सरासरीने ११-१२ अंशांच्या आसपास असतं आणि त्याच दिवशी दुपारी पारा २९-३० वर जातो. १७ जानेवारी १९३५ रोजी पुण्यात १.७ अंश नोंदवले गेले होते. हा आकडा हिवाळ्यात पेपरात कुठेतरी छापून येतो आणि वाचून उगाच बरं वाटतं, आपलीही थंडी काही अगदीच लेचीपेची नाही म्हणून. पण खरं सांगायचं तर तो सगळा दोन-तीन तासांचा कारभार.

नेमके तेच दोन-तीन तास सायकलवाल्यांचे. आमचा बायकांचा एक गट आहे. रविवारी पानशेतच्या रस्त्याला जातो, कधी मुळशीकडे, कधी कात्रजच्या जुन्या बोगद्यापर्यंत. निघायचं अंधारातच, कारण आठनंतर सिंहगड रस्त्यावर सायकल चालवायची म्हणजे अंग चोरून गाड्यांच्या कडेकडेने सरकायचं. तर निघतो अकरा अंशांत आणि घरी पोचतो तेव्हा सत्तावीस झालेले असतात. सायकलवरच्या हिवाळी टाइट्स, म्हणजे घोट्यापर्यंतच्या, अंगाला घट्ट बसणाऱ्या विजारी, कोणत्या घ्यायच्या याचा सगळा हिशेब या फरकात आहे. दुकानात एसीखाली उभं राहून आपल्याला आठवते ती सहाची थंडी. मी म्हणते, आठवायला हवं नऊचं ऊन. वरचं जाकीट काढून कमरेला बांधता येतं, हातमोजे खिशात जातात, कानटोपी बॅगेत. पायातल्या टाइट्स मात्र घर येईपर्यंत पायातच राहतात. खानापूरच्या टपरीमागे आडोसा शोधून त्या बदलणं कुणाला जमत असेल तर तिला माझा कोपरापासून नमस्कार.

मुळात पायांना थंडी वाजायचं कारण नाही. पॅडल मारताना शरीर जी ऊर्जा खर्च करतं त्यातला चौथा-पाचवा हिस्सा चाकापर्यंत पोचतो, उरलेल्याची उष्णता होते. म्हणजे १०० वॉटच्या जोराने निवांत चाललेली बाई आतल्या आत ३०० ते ४०० वॉट उष्णता तयार करत असते, आणि त्यातली बरीचशी मांड्यांतच. पाय गारठतात ते वाऱ्याने. १० अंशांत ताशी २५ किलोमीटरने निघालं की अंगाला ते ७ अंश असल्यासारखं लागतं, उतारावर ४० चा वेग धरला की ६. आणि हा वारा लागतो समोरून. मांडीची पुढची बाजू, गुडघे, नडग्या यांच्यावर त्याचा सगळा मारा. पोटऱ्यांना आणि मांडीच्या मागच्या बाजूला त्याचा फारसा पत्ताही लागत नाही. गुडघा तर बिचारा उघडाच, त्याच्यावर ना चरबी ना स्नायूचं पांघरूण. म्हणून जुने सायकलपटू पारा पंधरा-सोळाच्या खाली गेला की आधी गुडघे झाका म्हणतात. बाकीचं मग.

यातून माझ्यापुरता एक नियम निघाला. पुढून जाड, मागून पातळ. चांगल्या टाइट्सना मांडीच्या आणि गुडघ्याच्या पुढच्या भागाला वेगळं कापड असतं, आतून लव असलेलं किंवा वारा अडवणारं, आणि मागे साधं, ताणलं जाणारं लायक्रा. हात आत घालून दोन्ही बाजू चाचपल्या की फरक लगेच कळतो. सगळीकडून सारखी जाड, आतून मऊ मऊ टाइट्स हाताला फार छान लागतात आणि दुकानदार त्याच पुढे करतो. घेऊ नका. त्या आठ वाजेपर्यंत सुखाच्या, नंतर आत पाणी सुटतं. आणि घामाने ओली झालेली ती लव पुढच्या उतारावर पहाटेपेक्षा जास्त गारठवते.

माझी मावसबहीण नेदरलँड्सला उट्रेख्तमध्ये राहते. तिकडची थंडी एकदा आली की दिवसभर हलत नाही, आणि वर ओली. त्यामुळे तिच्या टाइट्स सगळीकडून जाड, वर पाणी न धरणारा लेप. तिथे त्या योग्यच आहेत. जानेवारीत ती इकडे आली तेव्हा त्याच घालून आमच्याबरोबर निघाली. खडकवासल्याच्या भिंतीपर्यंत बाईसाहेब खुशीत. पानशेतहून परत फिरेपर्यंत चेहरा लाल, पाण्याच्या दोन्ही बाटल्या रिकाम्या. डोणज्याच्या फाट्यावर उसाच्या रसाचे दोन ग्लास एका दमात पिऊन म्हणाली, "ताई, थंडी थंडी म्हणत होतीस, ती गेली कुठे?" आपल्याकडे हिवाळा कोरडा असतो. पाणी न धरणाऱ्या लेपाचे जादा पैसे पुण्या-नाशकाच्या हिवाळ्यात तरी वाया जातात, आणि तो लेप पुढे धुण्यात हळूहळू जातोच.

थंडी सगळीकडे सारखी नसते हेही सायकलवर बसल्याशिवाय कळत नाही. सोलापूर रस्त्याला थेऊरच्या बाजूला उसाचे पट्टे लागतात. नुकतं पाणी दिलेलं असलं की पहाटे त्या पट्ट्यात शिरताना गार हवेत पाय बुडाल्यासारखे होतात, आणि पाचशे मीटरवर चढ लागला की पुन्हा ऊब. रात्री थंड झालेली हवा जड असते, ती सखल जागी साचते. नदीकाठी, ओढ्यापाशी, पुलाखाली. अशा ठिकाणी पुढून जाड असलेल्या टाइट्सचं मोल कळतं. दोन मिनिटांत तो पट्टा मागे पडतो आणि मागची पातळ बाजू आपलं काम करायला लागते.

आता पॅड, टाइट्सच्या आत बसायच्या जागी शिवलेलं. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण थंडी सोसता येते, चुकीचं पॅड सोसता येत नाही.

माझ्या टाइट्स पहिल्यांदा गॅलरीत वाळत पडल्या तेव्हा सासूबाई त्या उलटसुलट करून बघत होत्या. "अगं, याला आत गादी शिवलीय?" म्हटलं, हो. "आमच्या वेळी गादी सीटला असायची." त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. जुन्या सायकलींना खाली स्प्रिंगा असलेली रुंद सीट, त्यावर कव्हर, आणि माणूस ताठ बसायचा. आता हँडल खाली गेलं, माणूस पुढे वाकला, सीट अरुंद झाली, आणि गादी सीटवरून चड्डीत आली. फार पूर्वी शर्यतीतल्या सायकलपटूंच्या चड्ड्या लोकरीच्या असायच्या आणि आत खरं मऊ कातडं शिवलेलं. ते धुतलं की पापडासारखं कडक व्हायचं, मग मलम चोळून मऊ करायचं. ड्यूपाँट कंपनीत जोसेफ शिव्हर्स यांनी १९५८ साली लायक्राचा धागा तयार केला, पुढे लोकर गेली, कातड्याच्या जागी फोम आला. मलम चोळायची रीत मात्र राहिली, फक्त आता ते कातड्यासाठी नसतं, आपल्या कातडीसाठी असतं. आमच्या गटात निम्म्या जणी व्हॅसलिनवाल्या आणि निम्म्या खोबरेलवाल्या. हिवाळ्यात खोबरेलवाल्यांची पंचाईत. ते २४ अंशांच्या आसपासच गोठतं, त्यामुळे पहाटे पाचला गरम पाण्याच्या तांब्यात बाटली उभी करून ठेवण्यापासून त्यांची राइड सुरू होते.

पॅड जितकं जाड तितकं चांगलं, हा समज दुकानातल्या प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाचा असतो. अंगठ्याने दाबून बघा. मऊ, जाड फोम अंगठ्याखाली पार तळाला जातो, म्हणजे तो तासाभरात तुमच्या वजनाखालीही जाणार. घट्ट, पातळ फोम दाबल्यावर थोडाच दबतो आणि सोडल्यावर लगेच वर येतो. तो लांबच्या पल्ल्याचा. आपण बसतो ते बैठकीच्या दोन हाडांवर, आणि घट्ट फोम त्या दोन जागांखाली यायला हवा. बायकांच्या या हाडांमधलं अंतर साधारणपणे पुरुषांपेक्षा जास्त असतं, म्हणून बायकांचं पॅड मागे रुंद असतं आणि पुढे आखूड. मध्यभागी शिवण नको. 'युनिसेक्स' लिहिलेलं पॅड दिसलं की मी पुढच्या हँगरकडे वळते. तो शब्द लिहिणाऱ्याने पुरुषांचंच माप घेतलेलं असतं, अशी माझी पक्की शंका आहे.

आणि हो, आत चड्डी घालायची नाही. नव्या मुलींना हे सांगताना प्रत्येक वेळी दोन मिनिटं शांतता पसरते. पण आतल्या चड्डीची शिवण आणि पॅड यांच्यामध्ये जी कातडी सापडते तिची तिसऱ्या तासाला काय गत होते, हे एकदा सोलवटून निघाल्यावर सांगावं लागत नाही. उभं राहिल्यावर पॅड मागे लोंबतं, आरशात चमत्कारिक दिसतं, तेही असू दे. ते वाकून बसलेल्या माणसासाठी कापलेलं असतं. ट्रायल रूममध्ये म्हणूनच आरशासमोर ताठ उभं राहून काही कळत नाही. पुढे वाका, हँडल धरल्यासारखे हात करा, एक गुडघा छातीपर्यंत उचला. कमरेत मागून उघडं पडतंय का, मांडीचा सांधा काचतोय का, पॅड अंगाला चिकटून राहतंय की सरकतंय, सगळं त्या अर्ध्या मिनिटात समजतं. बाहेर रांगेत उभ्या असलेल्यांना काय वाटायचं ते वाटू द्या.

खिशांबद्दल मला काही बोलायचं आहे, आणि ते सायकलपुरतं नाही. आमच्या आजीच्या लुगड्याला खिसा नव्हता, पण कनवट होती. तिच्यात नाणी, किल्ली, तंबाखूची पुडी, सगळा संसार बसायचा आणि चालताना काही पडायचं नाही. मग पंजाबी ड्रेस आले, जीन्स आल्या, आणि बायकांच्या कपड्यांना दोन बोटंही न मावणारे नावापुरते खिसे आले. कनवट गेली आणि खिसाही नाही मिळाला. त्यामुळे टाइट्सच्या मांडीला दोन खोल, जाळीदार, बाहेरून हात घालता येणारे खिसे मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा तिथल्या तिथे फोन घालून दुकानात येरझाऱ्या घातल्या.

आता कुणी म्हणेल, सायकलच्या जर्सीला पाठीमागे तीन खिसे असतातच की. असतात. पण हिवाळ्यात जर्सीवर जाकीट येतं, आणि ते तिन्ही खिसे जाकिटाखाली गडप होतात. फोन वाजला, की एका हाताने हँडल धरून दुसऱ्याने मागून जाकीट वर करायचं, आत चाचपायचं, तेही हातमोजा घालून. मांडीच्या खिशाची गंमत इथे आहे. हात खाली सोडला की फोन हातात. राजगिऱ्याची वडी, पैसे, टिश्यू सगळं एका हाताच्या अंतरावर.

फक्त खिसा कुठे लावलाय ते नीट बघावं. पॅडलच्या दांडीची लांबी साधारण १७० मिलिमीटर असते, म्हणजे प्रत्येक फेरीत पाय ३४ सेंटिमीटर खाली-वर होतो. मिनिटाला ८० फेऱ्या धरल्या तर तासाला ४,८००. खिसा जितका गुडघ्याकडे, तितका आतला फोन जास्त हेलकावे खाणार. कमरेकडे, जांघेच्या बाहेरच्या अंगाला तो जवळजवळ स्थिर असतो. तेव्हा खिशाचा तळ मांडीच्या निम्म्याच्या वरच संपायला हवा, आणि खिसा मांडीच्या पुढे नको, बाजूला हवा, किंचित मागे झुकलेला. पुढे असला की पाय वर येताना फोनचा कोपरा पोटात टोचतो. आजकालचे फोन सोळा सेंटिमीटर लांब आणि दोनशे ग्रॅम वजनाचे. खिशाच्या तोंडाला घट्ट इलास्टिक नसेल तर खड्ड्यात चाक गेल्यावर फोन वर उसळतो, आणि आपल्या रस्त्यांवर खड्डा ही काही अपवादाची गोष्ट नाही. चेनवाला खिसा सुरक्षित वाटतो खरा, पण चालत्या सायकलवर हातमोज्याने ती इवलीशी चेन ओढून बघा एकदा. मी किल्लीसाठी चेनचा खिसा ठेवीन, फोनसाठी उघडा. एक तोटा मान्य करायला हवा. कुशीवर पडलं की आधी फोन आपटतो. म्हणून मी फोन डावीकडे ठेवते, चेन-गिअर असलेल्या बाजूला पडायची मला जास्त भीती वाटते म्हणून, आणि यामागे शास्त्र वगैरे काही नाही.

फोनच्या वजनाने कमरेच्या टाइट्स खाली सरकतात. यावर उपाय खांद्यावरून पट्टे असलेलं बिब. पोटावर इलास्टिक काचत नाही, मागून वारा शिरत नाही, खिसे भरले तरी सगळं जागच्या जागी. पुरुष डोळे मिटून बिब घेतात. बायकांना विचारावं लागतं की वाटेत जायची वेळ आली तर काय. जाकीट काढा, जर्सी काढा, मग पट्टे उतरवा, आणि हे कुठे, तर ज्वारीच्या ताटांमागे पहाटेच्या अकरा अंशांत. पट्टे न काढता मागून खाली घेता येतील असे बायकांचे बिब आता मिळतात, महाग असतात. दिवसभराच्या पल्ल्याला, म्हणजे बीआरएम नावाच्या, ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या २०० किलोमीटरच्या राइडसारख्या साडेतेरा तासांच्या कामाला, मी ते पैसे आनंदाने देईन. रविवारच्या पानशेतला कमरेच्या टाइट्स पुरतात, आत नाडी असली म्हणजे झालं. बीआरएमवरून आठवलं, घोट्यापाशी चमकणारी पट्टी अवश्य बघून घ्या. अंधारात मागच्या ट्रकवाल्याला स्थिर चमक कशाचीही वाटू शकते, खाली-वर होणारी चमक दिसली की पुढे सायकल आहे हे त्याला चटकन कळतं.

हाफ शॉर्ट्स आणि पायांवर लेग वॉर्मर, म्हणजे पायांच्या सुट्या बाह्या घाला, ऊन आलं की ओढून काढा, हा मार्ग तापमानाच्या हिशेबाने सगळ्यात शहाणा आहे. तरी आमच्या गटात तो फारसा चालत नाही. वॉर्मर सरकतात, मांडीला रबराचे वळ उठतात, आणि नऊ वाजता गावातून उघड्या पायांनी जाताना पारावरच्या नजरा मोजत बसायची कुणाला हौस नसते. पूर्ण टाइट्सनी हा प्रश्नच मिटतो, वर पायही काळे पडत नाहीत.

धुण्याचं थोडक्यात. घरी आल्या आल्या उलट्या करून गार पाण्यात, साध्या साबणाने. सुगंधी सॉफ्टनर नको, त्याने कापडाची घाम शोषायची ताकद जाते. वाळत घालताना पॅडची बाजू वर. लायक्रा तासा-दोन तासांत वाळतं, पॅड आतून दमट राहतं, आणि दमट पॅड घातलं की पुरळ ठरलेलं. म्हणून दोन जोड हवेतच, महागाचा एक घेण्यापेक्षा बऱ्यापैकी दोन. किमती दोन-अडीच हजारांपासून पंधरा हजारांच्या पुढेही जातात. मधल्या किमतीत पॅड चांगलं मिळतं, त्याच्या वरचे पैसे बरेचसे नावाचे आणि थोडे शिवणीचे.

कधी होतं असं की पॅड मनासारखं, कापड मनासारखं, आणि खिसा नाही. त्यावर मी आमच्या फॉल-पिकोवाल्या ताईंना गाठलं. साध्या शिंप्याकडे हे काम देऊ नये. सरळ टीप ताणली की तटातट तुटते, लायक्राला झिगझॅग टीप लागते, आणि पिकोचं मशीन झिगझॅगच मारतं. फाटलेल्या जुन्या टाइट्सचं कापड नेलं, फोन नेला, टाइट्स अंगात घालूनच खडूने जागा आखून घेतली, कारण अंगात नसताना आखलं की ताणल्यावर खिसा वाकडा जातो. ताईंनी तोंडाला आधी इलास्टिक ओढून लावलं, मग तिन्ही बाजू शिवल्या. फोन आत घालून, टाइट्स उलट्या धरून दोनदा झटकल्या. पडला नाही. पैसे किती म्हणून विचारलं तर त्यांनी टाइट्स परत हातात घेतल्या आणि आतलं पॅड दाबत म्हणाल्या, "खिशाचे राहू द्या, पण ही गादी कुठे मिळते? मशीनच्या खुर्चीला हवी होती."